सोबतीचा व्हिसा

वुडलँड्स, सिंगापूर
१२ मे २०२५, बुद्धपौर्णिमा

प्रिय सरलाताई,

सप्रेम जयभीम. तुला आणि बाबांना बुद्धजयंतीच्या मंगल कामना. आम्ही तिघंही इकडे मजेत आहोत. तुझी पाठ कशी आहे? वॉर्डात उभं राहून राहून ती दुखते हे तू आपणहून सांगणार नाहीस, म्हणून मीच विचारतो.

पत्र मुद्दाम हॉस्पिटलच्या पत्त्यावर पाठवतो आहे. फोन केला की तू तो बाबांसमोर स्पीकरवर ठेवतेस आणि मग आपण तिघं मिळून नागपूरच्या उन्हाबद्दल बोलतो. तुझं एप्रिलचं पत्र मिळालं. त्याबद्दल खाली लिहितोच. आधी इकडची खबरबात.

आज इथे सुट्टी असते. सकाळी चोआ चू कांगला धम्मानंदच्या घरी सगळे जमलो होतो. धम्मानंद म्हणजे आपल्या अमरावतीचा, माझ्याच कंपनीत आहे. हॉलमधला सोफा बाहेर पॅसेजमध्ये काढून सतरंज्या अंथरल्या होत्या. वंदना झाली, खीर झाली. तुझी भावजय इनेश आता त्रिशरण माझ्यापेक्षा स्वच्छ म्हणते. पोर्तुगीज माणसाला ‘ण’ कसा काय जमला, असं धम्मानंदची आई सगळ्यांना विचारत होती. दीप्ती पांढऱ्या फ्रॉकमध्ये शहाण्यासारखी बसली आणि वंदना संपायच्या आत मोठ्यानं म्हणाली, “पापा, कॅन ईट ऑलरेडी ऑर नॉट?” पहिलीत गेल्यापासून तिची इंग्रजी अशी झाली आहे. बाबांना फोनवर समजत नाही, ते यासाठीच.

आता मोठी बातमी. माझ्या सासऱ्यांचं लग्न ठरलं आहे. हसू नकोस. आर्मान्दु नाव त्यांचं, सत्तरी केव्हाच ओलांडली आहे. पोर्तुगालमधल्या वालेन्सा नावाच्या गावात त्यांनी जन्मभर सुतारकाम केलं. गावाला लागून नदी, नदीवर जुना लोखंडी पूल, आणि पूल ओलांडला की स्पेनमधलं तुई गाव. सासूबाई गेल्यानंतर ते रोज चालत पूल ओलांडून तुईला कॉफी प्यायला जायचे. तिथे कार्मेन नावाच्या बाईंचं कापडाचं दुकान आहे. त्यांनाही कोणी नाही. आधी कॉफी, मग दुकानातली एक फळी दुरुस्त करणं, मग दुसरी फळी. इनेश म्हणते, त्या दुकानात दुरुस्त करण्यासारखं आता काही उरलं नाही, म्हणून बाबा लग्न करतायत. जूनमध्ये, दीप्तीच्या सुट्टीत, तुईच्या नगरपालिकेत लग्न आहे.

आणि या वेळी मीही जाणार आहे.

तुला आठवत असेल, सासूबाई वारल्या तेव्हा मला व्हिसाची तारीख अंत्यविधी होऊन गेल्यानंतरची मिळाली होती. दीप्ती तेव्हा पाळण्यात होती. इनेश तिला छातीशी बांधून एकटी गेली. मी तिला विमानतळावर म्हणालो, “तू पुढे हो,” आणि घरी येऊन भांडी घासत बसलो. त्यानंतर मी युरोपचं नावच टाकलं. मध्ये एकदा त्या दोघी जाऊन आल्या, तेव्हा मी पाणी शुद्धीकरणाच्या प्लांटमधल्या कामाचं निमित्त काढलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण सासऱ्यांना मी फक्त फोनच्या पडद्यावर पाहिलं आहे. तिथेही ते मान हलवतात, मी मान हलवतो, संपलं.

या खेपेला इनेशनं नियम शोधून काढला. तोही मजेशीर आहे. युरोपातल्या एका देशाचा नागरिक तिथल्याच दुसऱ्या देशात जात असेल, तर त्याच्या नवऱ्याला किंवा बायकोला, मग ती बाहेरच्या देशाची का असेना, त्याच्याबरोबर जायचा हक्क आहे. व्हिसा लागतो, पण तो लवकर आणि फुकट द्यायचा. बँकेत किती आहे, उतरणार कुठे, परत कशावरून जाणार, असलं काही विचारायचं नाही. लग्नाचा दाखला, दोघांचे पासपोर्ट आणि बरोबर जातोय याचा पुरावा पुरे. मात्र देश दुसरा पाहिजे. इनेश तिच्या स्वतःच्या देशात, पोर्तुगालला, जात असेल तर हा नियम नाही. तिथे मी साधा पर्यटक. म्हणजे बघ, बायकोच्या माहेरी मी परका आणि माहेरच्या शेजाऱ्यांकडे घरचा! सासऱ्यांनी नदीपलीकडची बाई पाहिली म्हणून मी जावई झालो.

व्हिसाच्या खिडकीवरचा तरुण मुलगा मात्र सवयीनं सगळंच मागायला लागला. हॉटेलचं बुकिंग कुठे आहे म्हणाला. इनेश त्याला म्हणाली, “माझे वडील लग्न करतायत आणि मी हॉटेलात राहू?” माझे कान तापले. मी तिला मराठीत म्हणालो, “जाऊ दे, देऊन टाकू बुकिंग.” ती मला मराठीतच म्हणाली, “नाही देणार.” तेवढ्यात आतून एक वयस्क बाई आल्या, दाखला पाहिला आणि त्या मुलाला म्हणाल्या, “फॅमिली आहे, यांना हे विचारायचं नसतं.” आठवड्याभरात व्हिसा हातात आला. पासपोर्ट घेऊन आम्ही तसेच हॉकर सेंटरला, म्हणजे इथल्या खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडईत, गेलो, इनेशनं दोन कॉफी मागवल्या आणि कॉफीवाल्या चिनी आजोबांना उगीचच सांगितलं, “हा माझ्या वडिलांच्या लग्नाला येतोय.” आजोबा म्हणाले, “गुड ला.” हा ‘ला’ इथे सगळे वाक्याच्या शेवटी लावतात.

तुझं पत्र. चंद्रपूरला मेट्रनची जागा मिळते आहे हे वाचून मी खुर्चीतून उठलो. मनापासून अभिनंदन. याआधी तुला अशी जागा आली होती आणि तू नाही म्हणालीस, हे मला माझ्या जुन्या मित्राकडून, प्रबोधकडून, कळलं होतं, तुझ्याकडून नाही. तू जे विचारलं आहेस त्याबद्दल मी विचार करतो आहे. म्हणजे करतो आहेच. दीप्ती मघापासून हाका मारते आहे, तिला आंघोळ घालायची आहे, म्हणून आज इथेच थांबतो.

बाबांच्या डोळ्यांचे थेंब संपले असतील तर कळव. त्यांना माझा जयभीम सांग, पण या पत्राचं सांगू नकोस.

तुझा,
नरेश

---

वुडलँड्स, सिंगापूर
६ जुलै २०२५

प्रिय ताई,

सप्रेम जयभीम. पोचल्याचा फोन केला होताच. फोटो बाबांना दाखवलेस ना? कार्मेनबाईंच्या टोपीवरून बाबा काहीतरी बोलले असणार. नागपुरात पाऊस नीट सुरू झाला का? मागच्या खोलीचं छत गळतं आहे का, ते पाहून घे.

फोनवर मी ‘प्रवास चांगला झाला’ एवढंच म्हणालो. बाबा ऐकत होते. खरं म्हणजे प्रवासात एक प्रकार घडला आणि तो तुला सांगितल्याशिवाय मला पुढचं काही लिहिता येणार नाही.

वाटेत एका मोठ्या विमानतळावर आम्हाला विमान बदलायचं होतं. युरोपात शिरताना पासपोर्ट तपासतात, ते तिथेच. दोन रांगा होत्या. एक त्यांच्या लोकांची, छोटी, भराभर सरकणारी. दुसरी बाकी जगाची, दोरीच्या वळणांतून मागे दारापर्यंत गेलेली. इनेश म्हणाली, बरोबर असलो तर तूही आमच्याच रांगेतून येऊ शकतोस, तसा नियम आहे. आम्ही निघालो, तर गणवेशातल्या एका माणसानं माझा पासपोर्ट पाहिला आणि मला हातानंच दुसऱ्या रांगेकडे वळवलं. इनेश त्याच्याशी बोलायला तोंड उघडणार, इतक्यात मी म्हणालो, “वाद नको. दीप्तीला बाथरूमला जायचंय. तुम्ही दोघी पुढे व्हा, मी आलोच.”

ती माझ्याकडे बघत राहिली. मग दीप्तीचा हात धरून पुढे गेली.

माझा नंबर यायला बराच वेळ लागला. काउंटरवर एक अधिकारी होता, शांत, सभ्य. त्यानं व्हिसा पाहिला आणि विचारलं, “हा कुटुंबीयाचा व्हिसा आहे. पत्नी कुठे आहे?”

“पुढे गेली.”

“पुढे कुठे?”

मी पलीकडच्या काचेच्या दाराकडे बोट केलं. तिथे कोणीही नव्हतं. तो म्हणाला, “तुम्हाला हा व्हिसा त्यांच्याबरोबर जायला दिलाय. त्या बरोबर दिसत नाहीत. लग्नाचा दाखला आहे?”

दाखला इनेशच्या पाठीवरच्या पिशवीत. तिकिटंही तिच्याच फोनमध्ये. माझ्या फोनला तिथलं नेटवर्क लागेना. ताई, त्याचं काही चुकलं नाही. माझ्याजवळ माझं कोणीच नव्हतं हे त्याला दिसत होतं, तेच तो बोलला. त्यानं एका सहकाऱ्याला बोलावलं आणि मला बाजूच्या खोलीत नेऊन बसवलं.

खोली स्वच्छ होती. पाणी दिलं. कोणी आवाज चढवला नाही. तरी मी खुर्चीच्या टोकावर बसून होतो. बाबा वीज मंडळात असताना साहेबांच्या केबिनबाहेर असे बसायचे; लहानपणी त्यांच्याबरोबर गेलो की मला वाटायचं, एवढा खांबावर चढणारा माणूस इथे असा अंग चोरून का बसतो. प्लांटमध्ये माझ्या हाताखाली केवढी माणसं आहेत, त्या खोलीत ते आठवायचा मी प्रयत्न केला. उपयोग झाला नाही. आमचं पुढचं विमान सुटल्याचं पडद्यावर दिसलं.

मग दार उघडलं आणि आधी दीप्ती आली. पळतच. तिच्यामागे इनेश आणि एक तरुण महिला अधिकारी. एकदा आत गेल्यावर परत मागे येऊ देत नाहीत. इनेशनं तिकडच्या पोलिसांच्या टेबलावर जाऊन सगळ्यांना कामाला लावलं होतं. त्या अधिकारी बाई चांगल्या होत्या. दाखला पाहिला, तारखा पाहिल्या, मग खाली वाकून दीप्तीला विचारलं, “हे कोण?”

दीप्तीनं त्यांच्याकडे असं पाहिलं, की यांना एवढंही कळत नाही. “माय पापा ला! हू एल्स?”

खोलीतले सगळे हसले. बाईंनी शिक्का मारला आणि मला म्हणाल्या, “या व्हिसावर तुम्ही वेगवेगळे नसता. पुन्हा पुढे-मागे होऊ नका.”

बाहेर आल्यावर मी इनेशला म्हणालो, “सॉरी, विमान गेलं.” ती भर गर्दीत थांबली. मी तिला इतकं चिडलेलं पाहिलं नव्हतं.

“विमानाचं सोड,” ती म्हणाली. “आई गेली तेव्हा तू म्हणालास, तू पुढे हो. मागच्या खेपेला म्हणालास, तुम्ही पुढे व्हा. आजही तेच. तुला वाटतं हा चांगुलपणा आहे. मला पुढे जायचंय असं तुला कोणी सांगितलं, नरेश?”

दीप्ती म्हणाली, “मम्मा, डोंट स्कोल्ड, ही ऑलरेडी सॅड.” मग आम्ही तिघांनी एका बाकावर बसून एक मोठं सँडविच खाल्लं. खाता खाता मला सुचलं, की हे ‘तू पुढे हो’ मी तुझ्याकडून शिकलो, ताई. आपली आई गेल्यावर मी इंजिनिअरिंग सोडायला निघालो होतो, तेव्हा तू हेच म्हणालीस. सिंगापूरची शिष्यवृत्ती आली तेव्हाही हेच. बाबा काही बोलले नव्हते. म्हणजे एकच वाक्य बोलले होते, “शिकून आलास की इथल्या पोरांना शिकव.” त्यानंतर कधीच बोलले नाहीत.

दुसरं विमान दुसऱ्या दिवशी सकाळी मिळालं. लग्न दुपारचं. तुईजवळच्या विगो शहराच्या विमानतळावरून टॅक्सीनं आम्ही थेट नगरपालिकेत गेलो, आदल्या दिवशीच्याच कपड्यांत. जिना चढून हॉलमध्ये पाऊल टाकतो तो सगळे बसलेले, नगरपालिकेच्या बाई घड्याळाकडे बघतायत, कार्मेनबाई निळ्या टोपीत, आणि सासरे दाराकडे तोंड करून उभे. नवरामुलगा पाठ फिरवून उभा आहे म्हणून लोक गालात हसत होते. इनेशनं नंतर सांगितलं, बाई त्यांना सुरू करू या म्हणाल्या होत्या. ते म्हणाले, “जावई पहिल्यांदा येतोय. एवढ्या वर्षांनी लग्न करतोय, आता घाई कसली?”

ते माझ्याकडे चालत आले. मी हात पुढे केला. त्यांनी तो बाजूला केला आणि मला मिठीत घेतलं. अंगाला लाकडाच्या भुशाचा वास. लग्नाच्या दिवशीही! मग त्यांनी मला हाताला धरून पहिल्या रांगेत बसवलं, तिथे एक खुर्ची रिकामी ठेवली होती. साक्षीदार म्हणून सही माझीच घेतली.

जेवण दुकानामागच्या अंगणात होतं. इतका मासा मी जन्मात पाहिला नव्हता. कार्मेनबाईंनी दीप्तीला कापडाच्या तुकड्यांचा एक झगा शिवून ठेवला होता. तो तिनं परत येईपर्यंत काढला नाही. तू पाठवलेली नागपुरी सोनपापडी मी सगळ्यांना वाटली, तर सासऱ्यांनी डबाच आपल्याकडे ठेवून घेतला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासरे म्हणाले, चल. इनेशही आली. आम्ही पुलावरून चालत वालेन्साला गेलो. पुलाच्या मध्यावर देश बदलतो. कोणी काही विचारलं नाही. एक बाई भाजीची पिशवी घेऊन आमच्या समोरून स्पेनला निघून गेली. पलीकडे टेकडीवर कब्रस्तान आहे. सासूबाईंच्या थडग्यावर सासऱ्यांनी फुलं ठेवली, लाकडी चौकटीतला त्यांचा फोटो रुमालानं पुसला आणि फोटोला माझी ओळख करून दिली. पोर्तुगीजमध्ये काय म्हणाले ते इनेशनं सांगितलं नाही. मी मनातल्या मनात वंदना म्हटली. सहा वर्षं ती म्हणायची राहिली होती.

परत येताना पुलावर कठड्याला टेकून आम्ही थांबलो. खाली पाणी संथ होतं. सासऱ्यांनी विचारलं आणि इनेशनं मला सांगितलं: “बाबा विचारतायत, तुझे वडील कुठे असतात?”

“नागपूरला.”

“त्यांच्याजवळ कोण असतं?”

“माझी बहीण.”

सासऱ्यांनी मान हलवली. मग आणखी काहीतरी विचारलं. इनेश नदीकडे बघत म्हणाली, “आणि बहिणीजवळ कोण असतं?”

सासरे वाट बघत राहिले. त्यांना वाटलं, मला भाषा कळली नाही. त्यांनी तोच प्रश्न पुन्हा एकदा, सावकाश विचारला.

आता तुझ्या एप्रिलच्या पत्राकडे येतो. मी ते टाळलं हे तुला कळलं आहे. तू लिहिलं होतंस, ‘चंद्रपूरची जागा या वेळी घ्यावीशी वाटते. तुला वर्षभरासाठी येणं जमेल का? नाही जमलं तरी माझा राग नाही.’ शेवटचं वाक्य तू लिहायला नको होतंस. त्यानं मला सुटका मिळत होती आणि मी ती घेणार होतो. तुला हेही माहीत नाही की जानेवारीपासून प्रबोध माझ्या मागे लागला आहे. नागपुरातल्या त्याच्या कॉलेजात पाणी शुद्धीकरणाची नवी प्रयोगशाळा उभी राहते आहे, शिकवायला आणि ती चालवायला माणूस हवा आहे. मी त्याला ना हो म्हणालो ना नाही. तुला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर ‘नाही’ म्हणायला कारण उरलं नसतं. इनेशलाही सांगितलं नव्हतं. तिला नागपूरला ने म्हणणं म्हणजे तिच्यावर ओझं टाकणं, असं मी एकट्यानंच ठरवून टाकलं होतं.

परत आल्यावर पहिल्या रविवारी संध्याकाळी आम्ही इथल्या जेटीवर फिरायला गेलो. समोर जोहोर, बाजूला पुलावर मलेशियाला जाणाऱ्या गाड्यांची ओळ. दीप्ती स्कूटर चालवत होती. मी इनेशला तुझं पत्र वाचून दाखवलं, अडलं तिथे समजावलं, आणि प्रबोधचंही सांगितलं. तिनं पत्र माझ्या हातातून घेतलं आणि घडी घालून पाकिटात ठेवलं. मला वाटलं, रागावली.

मग म्हणाली, “इंडियात मला व्हिसा लागेल ना?”

“लागेल. नवऱ्याबरोबर राहायचा.”

“म्हणजे तिथे मी तुझ्या रांगेत.”

“हो.”

“मग ‘तुम्ही पुढे व्हा’ म्हणायचं नाही. तिघांनी एकत्र जायचं. आधी तू आणि मग आम्ही, असलं काही चालणार नाही.”

मी तिला उन्हाळ्याचं सांगितलं. पगाराचं सांगितलं. तिच्या कामाचं काय, हे विचारलं. ती म्हणाली, तलावातल्या शेवाळावर काम करणाऱ्या बाईला नागपुरात तलाव सापडणार नाहीत का? तसं ते इतकं सोपं नाही हे तिलाही माहीत आहे. आम्ही भांडलोही, त्यानंतरच्या आठवड्यात, दीप्तीच्या शाळेवरून. मग दोन वर्षं राहून बघायचं ठरलं. आम्ही फार मोठं काही करतोय असं समजू नकोस. दीप्तीला विचारलं, तर तिनं एवढंच विचारलं की आबांच्या घरी कुत्रा आहे का. मी म्हणालो, गल्लीत आहेत. ती म्हणाली, “ओके ला.”

प्रबोधला होकार कळवला आहे. इथे राजीनामा दिला. माझी नोटीस सप्टेंबरच्या सुरुवातीला संपते. तुझी चंद्रपूरला हजर व्हायची तारीख सप्टेंबरच्या मध्यावर आहे ना? आम्ही त्याच आठवड्यात येतो. मधल्या एखाददोन दिवसांसाठी शेजारच्या मनोहरकाकांना बाबांकडे झोपायला बोलावू.

बाबांना मी अजून काही बोललो नाही. आता नीट ऐक. आधी चंद्रपूरचा होकार लिहून साहेबांच्या टेबलावर ठेव. मग घरी जा आणि बाबांना सांग. उलट करू नकोस. आधी बाबांना सांगितलंस तर ते तोंडानं ‘जा’ म्हणतील आणि डोळ्यांनी तुझ्याकडे असं बघतील की तू तिथल्या तिथे विरघळशील. मला ते डोळे माहीत आहेत. बाबा माझ्यावर रागावले तर रागावू देत, मी समोर बसून ऐकून घेईन. त्यांना विचार, कॉलेजच्या पोरांना शिकवायला मी चालेन का. आणि सुनेनं विचारलंय म्हणावं, सप्टेंबरात पंख्यावर भागतं की कूलर लागतो?

एक विनंती आहे. आम्हाला घ्यायला विमानतळावर येऊ नकोस. आम्ही नागपूरला उतरू तेव्हा तू चंद्रपूरला ड्यूटीवर असायला हवीस. घर आम्हाला सापडेल.

मेट्रन सरला रामटेके यांना धाकट्या भावाचा कडक जयभीम.

नरेश